वामकुक्षी करणारा मासा

मी भांडुपच्या आमच्या सोसायटीचा नऊ वर्षं सेक्रेटरी आहे, त्यामुळे मला माणसं एका नजरेत ओळखता येतात. नवा भाडेकरू आला की त्याची मुलाखत मीच घेतो. मोठ्याने बोलणारा बाद, रोखून बघणारा बाद, दुपारी जेवून निमूट आडवा होणारा पास. (असाच एक निमूट गृहस्थ जागा सोडताना गच्चीवरची नवीकोरी मोटर घेऊन गेला. पण अपवाद सगळीकडेच असतात.)

गेल्या वर्षी पाचव्या मजल्यावरचे शेजारी बदली होऊन बंगळुरूला गेले आणि जाताना माशांची सहा फुटी टाकी मला देऊन गेले. टाकी हॉलमध्ये आली, जेवणाचं टेबल बाल्कनीत गेलं. टाकीत राहायला मात्र आमच्याकडे एकच मासा होता. त्याचं नाव बटाटा. पिवळाधम्मक, बोटभर. माझ्या मुलीने, मुक्ताने, दहावीत असताना हट्टाने आणलेला. आता ती नागपूरला हॉस्टेलवर राहते. जाताना मला बजावून गेली होती, "बाबा, बटाट्याला काही झालं ना, तर मी दिवाळीला घरी येणार नाही."

"त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही," मी म्हटलं. (त्याला केस नाहीत, पण शब्द तो शब्द.)

सहा फुटी टाकीत बोटभर बटाटा दिसेचना. पाहुणे टाकीसमोर उभं राहून विचारायचे, "मग मासे कधी आणताय?" बटाट्यासमोर! शेवटी मी ठरवलं, की त्याला शेजारी आणायचे आणि ते टाकीला शोभतील असे दणदणीत आणायचे. मुक्ताने फोनवर सांगितलं की बटाटा आफ्रिकेतल्या तळ्यातला आहे, पण तिथले मोठे मासे शिकारी असतात, तेव्हा कोणाबरोबर कोण राहतं ते आधी वाचा. वाचायला तिने पाच लेख पाठवले. मी पाचही लेखांना 'छान' असं उत्तर पाठवलं आणि रविवारी घाटकोपरच्या दुकानात गेलो.

बरोबर माझी आई होती. मासे आणायला चाललोय एवढंच तिने ऐकलं आणि पिशवी घेऊन रिक्षात येऊन बसली. आई मालवणची. हे मासे खायचे नाहीत, हे तिला रिक्षात समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पिशवी काही खाली ठेवली नाही.

दुकानदाराने पहिल्याच झटक्यात विचारलं, "साहेब, घरी छोटा मासा आहे का? ही मोठी आफ्रिकन पार्टी आपसात राहते बरोबर, साइज सारखी पाहिजे बस. पण तोंडात मावेल ते खाणार."

"एक आहे," मी म्हटलं, "पण तो समजूतदार आहे."

दुकानदाराने पुढच्या टाक्यांचे दिवे लावले, कारण धंदा सगळ्यांनाच करायचा असतो.

मी मुलाखती सुरू केल्या. पहिला उमेदवार कोयत्यासारखा चपटा, वनस्पतींमध्ये डोकं खाली करून लपलेला. "हा दुसऱ्या माशांचे डोळे फोडतो असं म्हणतात," दुकानदार म्हणाला. बाद. दुसरा मी जाईन तिकडे काचेपलीकडून माझ्यावर धावून येत होता. बाद. तिसऱ्याच्या कपाळावर भलंमोठं टेंगूळ, अंगावर निळेकाळे पट्टे, काम काही नाही पण फिरणं रुबाबात. हुबेहूब आमचे चेअरमन. पास.

चौथा वाळूवर कुशीवर पडला होता.

"आजारी आहे का हा?"

"नाय साहेब, हा असाच पडून असतो."

"दुपारचा?"

"दुपारचा तर असतोच असतो."

मला भरून आलं. रविवारी एक ते चार जो प्राणी आडवा होतो, त्याच्या मनात पाप नसतं हा माझा स्वतःवरून काढलेला सिद्धांत आहे. मी त्याचं नाव तिथल्या तिथे अण्णा ठेवलं.

आईने चष्मा लावला आणि काचेला नाक टेकवलं. "झिला, ह्येचा तोंड बघ आधी."

"आई, झोपलाय तो."

"मगे देवान येवढा तोंड काय जप करूक दिल्यान?"

"आई, तुझा माशांचा अभ्यास तव्यापर्यंतचा," मी म्हटलं. हे वाक्य मी चारचौघांत, नीट आवाजात बोललो. यावर आईने दुकानदाराला विचारलं, की तो कापून देतो का. दुकानदाराने घाईघाईने चेअरमन आणि अण्णा पिशवीत भरले.

आठवडाभर घरात रामराज्य होतं. चेअरमन फेऱ्या मारत, अण्णा दगडामागे पडून, बटाटा दुसऱ्या टोकाला. मी रोज मुक्ताला कळवत होतो, "शेजार उत्तम आहे." बायको एवढंच म्हणाली, "त्या अण्णाला बघून तुम्ही जास्त झोपायला लागलात."

मग रविवार उजाडला. जेवून उठतो तर अण्णा टाकीच्या मधोमध वाळूवर सपाट पडलेला. अंगावर कुजल्यासारखे डाग, तोंड अर्धवट उघडं, पर हलत नव्हता.

"अहो, हा गेला," बायको म्हणाली.

"मरूक नाय तो," आई म्हणाली. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मला खरंच वाईट वाटलं. घरातली दुःखद बातमी मुलीला कळवायला हवी म्हणून मी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन टाकीवर धरला. तेवढ्यात पलीकडून बटाटा हळूहळू अण्णाजवळ यायला लागला. मी फोन आणखी जवळ नेला. "बघ मुक्ता, शेवटी शेजाऱ्यालाच कळवळा असतो. निरोप द्यायला आलाय बघ."

"बाबा, त्याला हाकला! तो मेलेला नाहीये, नाटक करतोय. छोटे मासे जवळ यावेत म्हणून ते मेल्याचं सोंग घेतात. चौथ्या लेखात होतं!"

"अगं, गेलेल्याबद्दल असं बोलू नये."

गेलेला उठला. बटाटा दिसेनासा झाला. अण्णाच्या तोंडातून फक्त पिवळं शेपूट बाहेर.

मी खांद्यापर्यंत हात टाकीत घातला. त्याच हातात फोन होता हे नंतर लक्षात आलं. फोन वाळूवर जाऊन पडला आणि पडद्यावरून मुक्ता खालून वर माझ्याकडे बघत राहिली. चेअरमन कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आमच्या मीटिंगमध्ये राहतात तसेच. अण्णा दोनदा निसटला. तिसऱ्यांदा मी त्याला दोन्ही हातांनी वर उचललं आणि पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

आईने पदर खोचला. दोन बोटं अण्णाच्या कल्ल्यांत घातली आणि दाबली, बाजारात आयुष्यभर दाबत आली तशीच. अण्णाचा जबडा उघडला आणि बटाटा पाण्यात पडला. शेपूट अर्धं गेलं होतं, पण पोहत होता. आईने कल्ल्यांत आत बघितलं.

"ताजो आसा," ती म्हणाली.

अण्णा आणि चेअरमन घाटकोपरला परत गेले. बटाटा सहा फुटांत पुन्हा एकटा आहे आणि जरा डावीकडे पोहतो. मुक्ता दिवाळीला घरी आली, पण ती बटाट्याला भेटायला, असं तिने दारातच स्पष्ट केलं.

भाऊबीजेला जेवून मी सोफ्यावर आडवा झालो. मुक्ता नारळाच्या वड्यांची डिश घेऊन आली. डिशमध्ये शेवटची एकच वडी उरली होती. ती माझ्याजवळच्या टीपॉयवर डिश ठेवायला वाकली आणि तिथेच थांबली.

"आजी, बाबा झोपलेत ना गं?"

"तोंड बघ आधी," आई म्हणाली.

मी डोळे मिटूनच पडून राहिलो. डिश अजून हातभर लांब होती.