मोठ्या बाईंनी साफ केलेली खाण

मोठ्या भाऊजींनी मला तोवर कधी फोन केला नव्हता. धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं ते घरातल्या कुणाच्या तरी मार्फत, ही त्यांची रीत. त्यामुळे जवळा बाजारला बहिणीच्या घरी बाजारातून आणलेली वांगी पिशवीतून काढताना फोनवर त्यांचं नाव दिसलं, तेव्हाच काय ते कळलं. “तुमी निघा तिकडून,” ते म्हणाले. “ही गेली. सकाळी उन्हात बसली होती. तिथंच.” मी बरं म्हटलं. बहिणीनं वांगी परत पिशवीत भरून दिली, ती तशीच घेऊन मी जीपमध्ये बसले. औंढा गेलं, हिंगोली गेली, सेनगावचा फाटा आला. रडू आलं नाही. पिशवी मांडीवर होती आणि मनात एकच येत होतं, की आता दुपारचं काय करायचं.

त्याला पाच-सहा आठवडे झाले. मोठ्या बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊ. नाव सुमन, पण घरात सगळे मोठ्या बाईच म्हणत, मीही तेच म्हणत आले. सेनगावात आमचं अंगण एक आणि घरं दोन, समोरासमोर. माझे यजमान जाऊन काही वर्षं झाली, मुलगी नांदेडला असते, त्यामुळे या बाजूला मी एकटी आणि त्या बाजूला त्या आणि भाऊजी. त्यांचा मुलगा अमोल पुण्यात नोकरीला.

मी तांड्यावरची, बंजाऱ्यांची. डी.एड.ला असताना यजमानांची आणि माझी ओळख झाली, लग्न आम्ही ठरवलं, आणि त्यांच्या घरच्यांनी ते उशिरा का होईना मान्य केलं. मोठ्या बाई मला वाईट असं कधी काही बोलल्या नाहीत, हे मी कुणालाही सांगेन. त्या फक्त माझ्या हातचं खात नसत, भाऊजीही नाही. सणाला मी ताट पाठवायची, ताट स्वच्छ धुऊन परत यायचं, आणि त्यातलं गोठ्यात गायीपुढं असायचं. विचारलं तर त्या शांतपणे म्हणायच्या, “आमच्यात असं नसतं.” आवाज चढवून नाही, पाऊसपाण्याबद्दल बोलावं तशा. मी शाळेत मराठी शिकवायची. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक पोरांना फळ्यावर समजावून सांगताना मला दरवेळी आमचं अंगण आठवायचं. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. त्या घरात मी सून म्हणून तीस वर्षं काढली आणि त्यांच्या तोंडून माझ्यासाठी ‘आपण’ ऐकला नव्हता.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी मोठ्या बाईंना लकवा मारला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालू लागल्या, आणि बोलणं गेलं. सगळं गेलं नाही. व्हय, न्हाई, दे, नको, असे मोजके शब्द राहिले. बाकीचे त्यांच्या डोळ्यांत दिसायचे पण ओठापर्यंत यायचे नाहीत. पहिले काही दिवस गल्लीतल्या बायका भेटायला आल्या. पण जिच्याशी बोलायला जावं तिला बोलता येत नाही म्हटल्यावर माणसं अवघडतात, पदर सारखा करतात, उठतात. नरसीच्या देवळात ज्यांच्याबरोबर त्या भजनाला जायच्या, त्याही हळूहळू यायच्या थांबल्या. त्यात त्यांचा दुष्टावा नव्हता... पण थांबल्या.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. तो दाबायचा त्यांना मनस्वी कंटाळा. सुट्टीवर आलेल्या अमोलनं एक दिवस आपला जुना गेमचा डबा टीव्हीला जोडला आणि त्याचं दोन्ही हातांत धरायचं रिमोट आईच्या मांडीवर ठेवलं. डाव्या अंगठ्यानं पडद्यावरचं माणूस चालवायचं, उजव्यानं तलवार मारायची. डावा हात चांगला होता, त्यामुळे मोठ्या बाई पहिल्याच दिवशी चालायला शिकल्या. उजवा अंगठा मात्र हलेना. राक्षस समोर यायचा, त्या ऐटीत त्याच्यापर्यंत चालत जायच्या, आणि उभ्या राहून मार खायच्या.

पुण्याला परत जायच्या दिवशी अमोल माझ्या दारात आला. “काकू, तुमी रिकाम्या असता ना दुपारी? आईच्या उजव्या बाजूला बसा जरा. तिचा हात बटनावर ठेवायचा, वरून तुमचा हात, आन् दाबायचं. तसं केल्यानं तिचा अंगठा सुटल म्हणून राहिले डॉक्टर.”

“तुझ्या आईला चालंल का?” मी विचारलं.

त्याला माझा प्रश्न कळला. तो खाली बघत म्हणाला, “ती न्हाई म्हणाली न्हाई.”

अशी मी त्यांच्या खाटेवर, त्यांच्या उजव्या अंगाला बसले. त्यांचा हात थंड आणि जड होता. त्यावर मी माझा ठेवला. त्यांनी पडद्याकडेच पाहिलं, मीही पडद्याकडेच पाहिलं. तीस वर्षांत आमचे हात असे एकमेकींवर आल्याचं मला आठवत नाही. लगेच एक राक्षस आला म्हणून बरं झालं, दोघींनाही काम मिळालं.

गेम सगळा इंग्रजीत. मी वाचून त्यांना सांगायची. डोंगराच्या पायथ्याला एक गाव आहे, गावाखाली खाण आहे, खाणीतून राक्षस वर आले म्हणून लोक घरंदारं सोडून डोंगरावर जाऊन बसलेत. आपल्या बाईनं, म्हणजे पडद्यावरच्या तलवारवालीनं, खाणीत उतरून सगळे राक्षस मारले तरच लोक परत येणार. मोठ्या बाईंनी हे लक्ष देऊन ऐकलं. मग रिकाम्या गावातून एक चक्कर मारली, उघड्या दारांपाशी थांबत थांबत, आणि खाणीच्या तोंडाशी जाऊन माझ्याकडं बघितलं. “चल,” त्या म्हणाल्या. हा शब्द त्या दिवशी नव्यानं परत आला.

जिच्या अंगणात मुंगीवर पाय पडला तर हळहळ व्हायची, ती बाई खाणीत उतरल्यावर निराळीच झाली. पडद्याच्या कोपऱ्यात नकाशा असायचा, त्यात जितके राक्षस तितके लाल ठिपके. एक ठिपका जरी राहिला तरी त्या पुढच्या पातळीवर जायला तयार नसायच्या. मी म्हणायची, “बाई, वाट मोकळी झाली, उतरू खाली.” त्या मान हलवायच्या. “एक बी... नको.” म्हणजे एकही ठेवायचा नाही. तूर निवडताना खडा शोधावा तसं त्या प्रत्येक भुयाराच्या टोकापर्यंत जाऊन यायच्या. दडून बसलेला एखादा सापडला की “हाण” म्हणायच्या आणि मी हाणायची. लांब हातांचे, थुंकणारे, पोट सुटलेले, सगळे आम्ही असे संपवले. एकदा बैलाच्या तोंडाचा एक निघाला. पोळा नुकताच झाला होता. त्यांनी रिमोट मांडीवर ठेवून डाव्या हातानं त्याला नमस्कार केला, तेवढ्यात त्यानं आम्हाला निम्मं मारलं, मग त्या म्हणाल्या, “हाण.” त्या दिवशी त्या आजारानंतर पहिल्यांदा हसल्या. तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, पण ते हसणंच होतं.

खाणीची पहिली पातळी साफ झाली त्या दुपारी भाऊजी घरात नव्हते. मोठ्या बाईंना दुपारी चहा लागतो हे मला माहीत होतं. मी माझ्या घरी जाऊन चहा करून आणला, बशीत ओतला, आणि त्यांच्यापुढं धरला. का आणला, हे मला नीट सांगता येत नाही. त्यांनी बशीकडं पाहिलं, खूप वेळ पाहिलं... मग मान पुढं केली. सगळा चहा प्यायल्या. मी बशी विसळून ठेवली आणि आम्ही दुसऱ्या पातळीवर उतरलो. पुढं रोजच चहा होऊ लागला, मग कधी भाकरी आणि ठेचाही. त्यावर कुणी काही बोललं नाही. त्यांनी माझी माफी कधी मागितली नाही. मागायला शब्द उरले नव्हते, असं अमोल म्हणतो. असेल. शब्द असते तर मागितली असती का, हे मला माहीत नाही, आणि मला ती हवी होती का, हेही खात्रीनं सांगता येत नाही.

खाणीच्या तळाशी सगळ्यात मोठा राक्षस होता. त्याच्यापुढं आमचं काही चालेना. दिवसामागून दिवस आम्ही मरत होतो. त्या बरोबर बाजूला सरायच्या आणि माझा घाव उशिरा पडायचा, नाहीतर मी वेळेवर मारायची आणि त्या भलतीकडं गेलेल्या असायच्या. शेवटी मी कंटाळले. म्हटलं, “बाई, राहू द्या आता. दिवाळीला अमोल येईल, तो एका दमात मारंल त्याला. मग गाव बघू.”

त्यांनी मान हलवली. शब्द शोधत होत्या, ओठ हलत होते. मी वाट पाहिली. एवढ्या महिन्यांत वाट पाहायला मी शिकले होते.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “आपण.”

मी माझा हात पुन्हा त्यांच्या हातावर ठेवला.

आणखी काही दिवसांनी, एका दुपारी तो गुडघ्यावर आला. एक घाव उरला होता आणि घाईत माझं बोट निसटलं, भलतंच बटन दाबलं गेलं. मी हात उचलला, परत ठेवणार, तोच त्यांचा अंगठा हलला. माझा हात वर हवेतच होता. अंगठा सावकाश, थरथरत बटनावर गेला आणि दाबला गेला. राक्षस कोसळला. नकाशात एकही लाल ठिपका राहिला नव्हता. मोठ्या बाई पडद्याकडं नाही, आपल्या अंगठ्याकडं बघत होत्या. मग त्यांनी तो पुन्हा हलवून बघितला.

वर आलो तर लोक गावात परत आलेले. धुराड्यांतून धूर, लोहाराचा ठोका, पाणवठ्यावर बायका. पुढचं काम डोंगरापलीकडं होतं, तिथं म्हणे आणखी भयंकर राक्षस होते. मोठ्या बाई तिकडं गेल्या नाहीत, कधीच नाही. त्या रोज दुपारी त्या गावातून नुसत्या चालायच्या. जवळ गेलं की माणसं आपणहून बोलायची, आणि उत्तर दिलंच पाहिजे असं नसायचं. लोहारापाशी थांबायचं, पाणवठ्यापाशी थांबायचं, पुढं जायचं. आता मारायचं काही नव्हतं, म्हणजे उजव्या बाजूला माझं काम नव्हतं. तरी मी बसायची. लोक काय बोलतात ते मराठीत सांगायची. हिवाळा तसाच गेला. अंगठा बराच सुटला होता, वाटी धरता यायला लागली होती. डॉक्टर खूश होते. मग ती सकाळ आली.

तेरवीला अमोल म्हणाला, “काकू, गेमचा डबा मी नेत न्हाई. राहू द्या इथंच.” तो गेला. काही दिवस मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

मागच्या आठवड्यात भाऊजी माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. उंबऱ्याबाहेरच, नजर दुसरीकडं. “ही रोज कुठं फिरून राहिली होती,” ते म्हणाले, “ते मला दाखवता का?”

मी गेले. टीव्ही लावला. ते खुर्ची ओढून लांब बसले. मला चालवता येत नव्हतं, ते काम कधी माझ्याकडं नव्हतंच. भिंतींवर आपटत, माणसांना धडकत मी त्यांना गाव दाखवलं. गावाच्या टोकाला एका घरापुढं एक म्हातारी चुलीशी बसलेली असते. मी तिथं थांबले आणि म्हटलं, “इथं त्या सगळ्यात जास्त थांबायच्या.”

म्हातारीनं वर बघून इंग्रजीत काहीतरी म्हटलं.

“काय म्हणून राहिली?” भाऊजींनी विचारलं.

“म्हणती, दमली असशील. बस. माझ्या हातचं दोन घास खा.”

पडद्यावर चूल जळत होती. भाऊजींनी खुर्ची थोडी पुढं ओढली.

“लीलाबाई,” ते म्हणाले, “चहा ठेवता का?”