उसनी जीभ

नाशिकमध्ये ज्यांना बिअर सगळ्यात जास्त कळते, त्या गृहस्थांनी आयुष्यात बिअरचा एक घोटही गिळलेला नाही. आणि हे गृहस्थ माझे थोरले साडू आहेत. हे मी पुष्कळ ठिकाणी सांगून पाहिलं आहे आणि प्रत्येक ठिकाणी लोकांनी माझ्याच तोंडाला वास येतो का ते पाहिलं आहे. पण ते खरं आहे. साडूंच्या घरी रोज संध्याकाळी वंदना होते, पंचशील म्हटलं जातं, आणि दारूपासून दूर राहण्याचं पाचवं शील ते बाकीच्या चारांपेक्षा जरा वरच्या आवाजात म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढून गंगापूर रोडच्या पुढच्या एका हॉटेलात जातात आणि तिथे दिवसभर बिअर तयार करतात. विहारात कुणी विचारलंच तर सांगतात, "मी टाक्या धुतो." हे खोटंही नाही. त्यांच्या मते बिअर बनवणं म्हणजे बहुतेक भांडी घासणंच असतं. उरलेलं काम यीस्ट करतं आणि माणसाने त्यात मधे बोलायचं नसतं.

मूळचे ते सिन्नरकडचे, आणि धंद्याने स्टीलच्या टाक्यांचे वेल्डर. अंबडच्या ज्या वर्कशॉपमध्ये ते होते तिथे वायनऱ्यांसाठी टाक्या व्हायच्या. त्यातल्या दोन कशा कोण जाणे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यात गेल्या, आणि त्या बसवायला साडू गेले. तीन आठवड्यांसाठी गेलेला माणूस सहा वर्षांनी परत आला. तिथल्या मालकाने गावच्या बंद पडलेल्या डेअरीत ब्रुअरी काढली होती. मालक, त्याची बायको, दोन गडी आणि आमचे साडू, एवढाच सगळा कारखाना. अशा स्वतंत्र छोट्या ब्रुअऱ्या तिथे ठिकठिकाणी निघाल्या आहेत असं ते सांगतात. कुणाची गोठ्यात, कुणाची जुन्या गोदामात. प्रत्येकाची बिअर वेगळी आणि दुखणं मात्र एकच. "पबमधी धा नळ असत्यात, साडूभाऊ. नऊ मोठ्या कंपन्यांचे. धावा आमचा, आन तो पण संडासाच्या दाराजवळ."

"मोठी कंपनी" हे शब्द ते अजूनही आवाज खाली आणून उच्चारतात, जणू कंपनी शेजारच्या खोलीत झोपली आहे. तिथल्या छोट्या ब्रुअऱ्या बाटलीवर आम्ही स्वतंत्र आहोत असं छापतात, हे त्यांच्या मनावर इतकं ठसलं आहे की इथे आल्यावर त्यांनी किराणा दुकानात साबणाच्या वड्या उलट्या करून मालकाचं नाव शोधायला सुरुवात केली. कॉलनीतला वाणी त्यांना पाहिलं की हात जोडतो. बिस्किटाचे नावाजलेले पुडे त्यांच्या घरात येत नाहीत. गल्लीच्या टोकाच्या बेकरीवाल्या चाचांचे टोस्ट येतात. ते टोस्ट एवढे टणक असतात की माझ्या सासूबाईंनी एकदा चहात बुडवून ठेवलेला टोस्ट वंदना आटोपल्यावर खाल्ला.

दुसरी सवय ग्लासची. पाणी ओतून टाकल्यावर काचेवर एकसारखा पापुद्रा राहिला तर ग्लास स्वच्छ. थेंब लटकले तर तेलकट. ही परीक्षा ते सोयरिकीच्या घरीही घेतात. माझ्या पुतणीला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर त्यांनी ग्लास उजेडाकडे धरला, हुंगला आणि आमच्या वहिनींना प्रेमाने सांगितलं, "वैनी, फडकं बदला." वहिनी दोन महिने त्यांच्याशी बोलल्या नाहीत. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी थर्मामीटर असतो. तो मी आमटीत बुडवलेला पाहिला आहे. नाक असं की माठ बदलला तर पाण्यावरून सांगतील.

इथल्या हॉटेलचा मालक पिंपळगावच्या द्राक्षवाल्या घरातला, तरुण, उत्साही आणि घाईचा. त्याने साडूंना तीन नळ सांभाळायला दिले होते: दोन गव्हाच्या फिक्या बिअरचे, एक आंब्याच्या चवीचा. चौथा नळ रिकामा होता. साडूंचा जीव त्या चौथ्यात होता. त्यावर त्यांना आयर्लंडची काळी स्टाउट लावायची होती, कोऱ्या कॉफीसारखी कडवट, वर सायीसारखा फेस. वर्षभर मागे लागल्यावर मालक म्हणाला, एक टाकी करून बघा. लोकांना आवडली तर नळ तुमचा, नाही तर परत विषय काढायचा नाही.

आता इथे माझा संबंध येतो, आणि तो लिहिण्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसलो आहे. त्या आयरिश खेड्यात एक रीत होती. टाकी तयार झाली की शेजारचा एक म्हातारा मेंढ्यावाला यायचा. तो ब्रुअरीचा नोकर नव्हता की मालकाचा मित्र नव्हता. त्याला ग्लास द्यायचा आणि पाठ फिरवून उभं राहायचं. तो म्हणेल सोडा तर बिअर पबमध्ये जायची, तो म्हणेल ओता तर मालक स्वतः व्हॉल्व्ह उघडून अख्खी टाकी गटारात सोडायचा. वाद नाही. ऐन नाताळाच्या आधी एकदा असं घडलं, ते साडू जातककथा सांगावी तसं सांगतात. ही रीत त्यांनी नाशिकला आणली, इथल्या मालकानेही मान्य केली, आणि मेंढ्यावाल्याच्या जागी मला नेमलं. कारणं दोन. एक, सासरच्या मंडळींत पितो असं कबूल करणारा मी एकटाच. आणि दुसरं, मी अंबडच्या एका कारखान्यात वीस वर्षं क्वालिटीत आहे. "तुमचा जन्म पास-नापास करण्यात गेला," असं म्हणून ते मला टाकीशेजारच्या स्टुलावर बसवत. स्वतः ते फक्त हुंगत; जीभ माझी उसनी घेत. मेंढ्यावाला नात्यातला नव्हता, ही एक गोष्ट आम्हा दोघांच्याही लक्षात आली नाही.

स्टाउटच्या वेळी मालकाने चव बघायला बोलावलेल्या पाहुण्यांना तारीख देऊन टाकली होती. साडूंनी आणखी चार दिवस मागितले होते, कारण यीस्टला शेवटी थोडा निवांतपणा लागतो. तो मिळाला नाही तर बिअरमध्ये लोण्याची चव राहते. मालकाने दिवस दिले नाहीत. एवढंच म्हणाला, तुमच्या साडूंनी ओता म्हटलं तर मी पाहुण्यांना फोन करीन. म्हणजे सगळं माझ्या एका शब्दावर होतं. घरून निघताना बायकोने बजावलं होतं की दाजींचं मन मोडू नका, वर्षभर ते याच्यावर जगलेत.

साडू नवा शर्ट घालून आले होते. मला ग्लास दिला आणि पाठ फिरवून उभे राहिले. त्यांनी नुकतेच केस कापले होते, मान पांढरी दिसत होती. मी घोट घेतला. लोणी होतं. फार नाही, पण होतं. कारखान्यात एवढ्या फरकावर मी अख्खी पेटी बाजूला काढली असती. मी त्या मानेकडे पाहिलं आणि म्हणालो, "सोडा."

पाहुण्यांपैकी पहिला जो बोलला तो म्हणाला की याला सिनेमागृहातल्या लोणी लावलेल्या मक्याच्या लाह्यांचा वास येतोय. मग ते सगळ्यांनाच यायला लागलं. हसत-खेळत ग्लास परत गेले. मालकाने दोष कुणाचा असं विचारलं तेव्हा साडूंनी माझं नाव घेतलं नाही; म्हणाले, माझं चुकलं. चौथ्या नळावर महिन्याभरात आंब्याचीच दुसरी, जास्त गोड बिअर आली.

मी गप्प राहिलो. नळाचं दुःख ते बोलून दाखवत नव्हते, तेव्हा मीही स्वतःची समजूत घातली की माणूस सावरला. मग नात्यातल्या एका बारशाला मी त्यांच्या शेजारी जेवायला बसलो. वाढप्याने पाणी दिलं, ग्लासवर बोटांचे ठसे होते, आणि साडूंनी तो न बघता, न हुंगता तोंडाला लावला. हल्ली आमटीचं तापमानही मोजत नाहीत, असं मेहुणी सांगत होती. म्हणतात, माझ्या नाकाचा काही भरवसा राहिला नाही.

हॉलच्या बाहेर स्कूटरपाशी मी त्यांना गाठलं आणि सांगून टाकलं. "दादा, त्या स्टाउटला लोण्याची चव होती. मला कळली होती."

त्यांनी स्कूटरला लावलेली किल्ली परत काढली. "मला वास आला व्हता," ते म्हणाले. "तुम्ही सोडा म्हणलात, मला वाटलं नाक गेलं आपलं."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून मी..."

"वाईट वाटावं म्हणूनच तर तुम्हाला बोलवत व्हतो, साडूभाऊ." ते रागाने नाही बोलले. उलट चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. मी मालकाला भेटून सगळं सांगतो म्हणालो. त्यांनी मान हलवली. "माझं मीच बोलन."

ते काय बोलले माहीत नाही, पण पुढच्या थंडीत मालकाने त्यांना एका लहानशा टाकीत स्टाउट पुन्हा करू दिली. मला बोलावणं आलं नाही. यावेळी जीभ एका निवृत्त पोस्टमास्तरांची होती. ते हॉटेलात फक्त दुपारी जेवायला येतात आणि कुणाच्या नात्यातले नाहीत. पहिली खेप त्यांनी ओतायला लावली म्हणे, आणि साडूंनी त्यांना वाकून नमस्कार केला. दुसरी सोडली.

मी गिऱ्हाईक म्हणून गेलो, कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो. साडूंनी स्वतः ग्लास आणून ठेवला, खुर्ची ओढली आणि समोर सोडा घेऊन बसले. स्टाउट काळीभोर होती, कडवट, स्वच्छ. इतकी चांगली बिअर मी याआधी प्यायलो नव्हतो. ते त्यांना सांगावं म्हणून तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की मी चांगली म्हटलं, तर त्यावर त्यांनी विश्वास ठेवायला आता काही कारण उरलेलं नाही. मी नुसता पीत राहिलो. त्यांनीही विचारलं नाही. मुलांच्या परीक्षांचं विचारलं, सासूबाईंच्या गुडघ्याचं सांगितलं, आणि ग्लास संपल्यावर म्हणाले, "गाडी इथंच ठेवा. रिक्षानं जा."