अम्मीला दिसलेला ठिपका

आज ईमेल आला: आमच्या लघुग्रहाला क्रमांक मिळाला, आता नाव सुचवा. वाचताना दुबईशेजारच्या अल मजाजमधल्या आमच्या फ्लॅटमधली ती शुक्रवारची दुपार आठवली. घरभर तळलेल्या बोंबलांचा वास होता, आणि लॅपटॉपवर आकाशाच्या एकाच तुकड्याचे चार फोटो आळीपाळीने फिरत होते. कॉलेजच्या शोधमोहिमेसाठी त्यातला सरकणारा ठिपका मला शोधायचा होता. डोळे चुरचुरायला लागले तशी मी म्हटलं, "खलास, काही नाही यात."

शेजारी तांदळातले खडे निवडत बसलेली अम्मी वाकली. "हा बघ. बाकीचे जागेवर आहेत, हाच सरकतोय."

शोधणाऱ्यांच्या यादीत मी तिचं नाव घातलं. मोहीम बघणाऱ्या कॉलेजच्या सरांनी ते काढायला लावलं. "ही ऑफिशियल लिस्ट आहे, रेशन कार्ड नाही." मी मुकाट्याने काढलं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

आज सरांचा फोन आला, "दुबईचं नाव दे, छान वाटेल."

मी नियम वाचले. शोधणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं नाही. पण कागदोपत्री अम्मीने काहीच शोधलेलं नाही, तुमच्याच कृपेने, सर.

मी लिहिलं: जुलेखा.