कापसाच्या खोलीतला ज्यादा ठोका

आधीच सांगून ठेवतो, भूत, चकवा असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. कोणी चिंचेखालच्या बाईचं सांगायला लागलं की मी विचारायचो, "सुरात रडते का?" त्यामुळे पुढचं सांगताना माझीच पंचाईत होतेय...

आर्णीत आमचा चौघांचा बँड आहे. मी मुख्य गायक. लग्न, नवरात्र, दुकानाचं उद्घाटन — काहीही. गेल्या हिवाळ्यात आपण फार मोठे कलाकार आहोत असं माझ्या डोक्यात शिरलं आणि मी सोलो अल्बम जाहीर करून टाकला. अल्टरनेटिव्ह रॉक! सगळं एकट्यानं करणार.

आमचा ड्रमर गज्या, शाळेपासूनचा दोस्त. म्हणाला, "मंग ड्रम कोन वाजवन बे?"

"लॅपटॉप."

"बरं. मंग तुह्या लग्नात नाचाले बी लॅपटॉपलेच बोलावजो."

त्या दिवसापासून त्यानं बोलणं टाकलं. मी ऐटीत फिरत होतो, पण खरं सांगतो, अल्बम बुडाला असता तरी चाललं असतं... गज्या नको होता जायला.

स्टुडिओ म्हणजे काकांच्या घरातली मधली खोली, वेचलेल्या कापसानं खिडकीपर्यंत भरलेली. कापूस बाहेरचा आवाज आत येऊ देत नाही, ही माझी अक्कल. कापसात बसलं की अंगाला खाज सुटते, हे मात्र शेतकऱ्याचा पुतण्या असून विसरलो. पहिल्या गाण्यात माझ्या आवाजात जी वेदना आहे ना, ती पाठीची आहे.

भर दुपारी नुसती गिटार आणि आवाज रेकॉर्ड केला. हेडफोन लावला, तर माझ्या आवाजाखाली ड्रम! भिंतीपलीकडून यावेत तसे. लॅपटॉपचे ड्रम तर मी अजून टाकलेच नव्हते. आणि गाणं संपून सगळं शांत झाल्यावर एक ज्यादा ठोका — ढप्! ही गज्याची जन्माची खोड. तिच्यापायी एका वरातीत घोडी नवरदेवाला घेऊन पळाली होती.

बाहेर धावलो. "काकू, कोनी वाजवून राह्यलं का?"

"तूच तं बोंबलून राह्यला दुपारचा!"

पुन्हा रेकॉर्ड केलं. पुन्हा ड्रम. पुन्हा ढप्!

खाजवत खाजवत गज्याला फोन लावला. उचलला, हेच नवल.

"कुठं हायेस?"

"बोरी अरबले. सासऱ्याच्या गावी." म्हणजे आर्णीपासून गाडीनं तासाभराच्या पलीकडे.

"काही वाजवून राह्यला का?"

तो दबक्या आवाजात म्हणाला, "तुले कोनं सांगतलं? सकाळपासून एक ठेका डोक्यात बसला बे. ताटावर वाजवून राह्यलो. सासू म्हन्ते, जावई बिघडला."

"वाजवून दाखव."

त्यानं वाजवला. माझं गाणं त्यानं कधी ऐकलेलं नव्हतं. तरी तोच ठेका, आणि शेवटी ताटावर... टण्! मी एवढा हसलो की कापसात आडवा झालो.

"येतो का इकडं?" मी विचारलं.

"कायले? तुहा तं सोलो आहे ना?"

"ये ना बे!"

संध्याकाळी तो गाडीला ड्रम बांधून हजर. दोघं कापसात बसून वाजवत, खाजवत राहिलो. काकू दारातून म्हणाली, "आता बरं वाटते ऐकाले."

पहिलं गाणं मात्र आम्ही त्या दुपारच्या ड्रमसकटच ठेवलं. ते माइकमध्ये कसे आले? आर्णीतल्या साउंडवाल्यानं फाइल ऐकली, वायरी तपासल्या आणि मलाच विचारलं, "झोप नीट होते ना?" मला आजही काही कळलेलं नाही.

अल्बमवर 'सोलो' लिहिलंय. खाली 'ड्रम्स: गज्या', दोनदा. त्याचाच हट्ट. म्हणाला, "एक डाव नाव, मी आलतो तवाचं. आन् एक डाव, नव्हतो तवाचं."