वैभवचा डावा गाल

आज दुपारी कात्रजच्या रूमवर मेडिकलच्या प्रॅक्टिकलची तयारी चालली होती. स्पर्श कळतो का ते बघायला मी रूममेट वैभवच्या चेहऱ्यावरून कापूस फिरवला. अकोल्याचा हा गडी म्हणाला, "डाव्या गालाले काईच समजून नाही राह्यलं बे."

मला शंभर टक्के संशय. खोटी लक्षणं सांगून आम्हाला गंडवणं हा त्याचा जुना धंदा.

मग कापसाचं टोक उजव्या बुबुळाच्या कडेला लावलं. दोन्ही डोळे मिटले. डाव्या बुबुळाला लावलं, तर एकही मिटला नाही.

पापणी आपोआप मिटते, हे सोंग जमत नाही हो कुणाला. चेहऱ्याचा स्पर्श कळवणाऱ्या डाव्या ट्रायजेमिनल नर्व्हकडून मेंदूला निरोपच जात नव्हता. तसाच त्याला सरांकडे नेला. उद्या एमआरआय आहे.

महिनाभर दाढी करताना त्याचा डावाच गाल कापतोय. "समजलंच नाही," म्हणायचा. आम्ही भावी डॉक्टर हसायचो.

तुमच्या ग्रुपमधला नौटंकी आज काय म्हणाला, आठवतंय?