वाजिदभाईंचा फळा

नांदेडला देगलूर नाक्याजवळच्या गल्लीत वाजिदभाई मंडपवाल्यांचं गोदाम आहे. गेल्या वर्षापर्यंत ते कुठं आहे, हे कुणाला विचारावं लागत नसे. नाक्यावर उतरून नुसतं उभं राहायचं. कनातीची घडी कुणी उलटी घातली, झालर कुणी ओलीच ठेवली, पाइपांचा टेम्पो अजून का निघाला नाही, हे सगळं वाजिदभाईंच्या आवाजात ऐकू यायचं आणि माणूस त्या दिशेनं चालत जायचा.

वय चौपन्न. उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकले, मग मामूंच्या हाताखाली गालिचे गुंडाळायला लागले, ते पुढं स्वतःचा मंडप उभा करूनच थांबले. मराठी लिहायला-वाचायला ते शिकले लग्नपत्रिकांवरून. तीस वर्षांत हजारो पत्रिका हातात आल्या. तारीख, गाव, मुहूर्त बघता बघता अक्षरं डोक्यात बसली. हळूहळू लातूरलाही दुसरं गोदाम झालं. तिकडचं सगळं किल्लारीचा श्रीमंत नावाचा कारभारी बघायचा. बावीस वर्षांपासूनचा माणूस. पण लातूरच्या गोदामात किती खुर्च्या आहेत, हे श्रीमंतच्या आधी वाजिदभाईंना ठाऊक असे. कागद नाही, वही नाही. सगळा कारभार डोक्यात, आणि डोक्यातला फोनवरून ओरडून बाहेर.

फेब्रुवारीत त्यांचा आवाज बसला, तो उठेचना. बायकोनं, वहिदानं, ज्येष्ठमध दिला, हळदीचं दूध दिलं. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं गेल्यावर कळलं, स्वरयंत्रावर गाठ आहे. घाबरण्यासारखी नाही, पण काढावी लागेल. नंतर दोन आठवडे तोंडातून अक्षर काढायचं नाही, कुजबुजसुद्धा नाही. पुढं महिनाभर हळू बोलायचं.

"दोन आठवडे?" वहिदा म्हणाली. "डॉक्टरसाहेब, हे झोपेतही टेम्पोवाल्याशी बोलतात."

डॉक्टर हसले. वाजिदभाई हसले नाहीत. एप्रिल-मेच्या तारखा डोळ्यांपुढं उभ्या राहिल्या होत्या.

त्यांची मुलगी नाजिया पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. तिच्या हाताखालची, बरोबरची माणसं पाच शहरांत विखुरलेली. ती कुणाला ओरडताना वाजिदभाईंनी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यामुळं हिला खरंच काम असतं का, अशी त्यांना शंकाही होती. ऑपरेशनच्या चार दिवस आधी ती लॅपटॉप घेऊन त्यांच्यापुढं बसली.

"अब्बा, आमचं काम असं चालतं. हा फळा समजा. प्रत्येक लग्नाचं एक कार्ड. काय न्यायचं, कोण नेणार, कधी पोचणार, सगळं त्या कार्डावर. माल गोदामातून निघाला की कार्ड पुढच्या रकान्यात सरकवायचं. उभारणी झाली की फोटो टाकून आणखी पुढं. नांदेडचा माणूस बघो की लातूरचा, सगळ्यांना एकच दिसणार."

"आणि मी काय करायचं?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"डोक्यात आहे ते सांगा. मी लिहिते."

चार दिवस बाप सांगत होता आणि लेक लिहीत होती. अठ्ठावीस लग्नं, तीन साखरपुडे आणि एक शाळेचा कार्यक्रम निघाला. नाजिया थक्क झाली. एवढं सगळं घेऊन हा माणूस रोज जेवत होता, झोपत होता!

माणसांना मात्र हे पचेना. श्रीमंत लातूरहून फोनवर म्हणाला, "मालक, बावीस वर्सं तुमच्या आवाजावर काम केलं. आता मोबाइलकडं बघत पाइप रोवू काय?" पण मालकाचा आवाजच जाणार म्हटल्यावर दुसरा इलाज काय? हळूहळू सगळे फळा बघू लागले. सर्वांत आधी सरावली ती नायगावची पंचशीला. मंडपातली फुलांची सजावट तिच्याकडं. लग्नाचा रंग कुठला, स्टेज किती फुटांचं, हे विचारायला तिला आधी दहा फोन करावे लागायचे; आता बसमध्ये बसल्या बसल्या दिसायला लागलं.

ऑपरेशन झालं. वाजिदभाई घरात खाटेवर बसून एका बोटानं लिहू लागले. त्यांना येत होती ती पत्रिकेची मराठी. त्यामुळं पहिला निरोप पडला तो असा: "श्रीमंत यांस स. न. वि. वि. गालिचे आठ अगत्यपूर्वक पाठवण्याचे करावे." लातूरच्या गोदामात दिवसभर हशा पिकला. पण गालिचे आठच आले आणि वेळेवर आले.

नवव्या दिवशी सकाळी पंचशीलानं फळ्यावर लिहिलं: "अक्षय तृतीयेला किल्लारी आणि धर्माबाद, दोन्हीकडं मरून मखमलीचा पडदा लिहिलेला हाय. आपल्याकडं तो एकच हाय ना? मी फुलं कुठल्या रंगाची सांगू?"

वाजिदभाईंनी दोन्ही कार्डं उघडून पाहिली. स्टेजच्या मागचा तो सोनेरी नक्षीचा पडदा एकच होता. दोन्ही घरच्यांनी फोटो बघून तोच मागितला होता, आणि दोघांनाही हो म्हणणारे ते स्वतःच. लग्नाला आठ दिवस होते.

एवढ्यात खाली श्रीमंतची ओळ आली: "माझी चूक न्हाई. मालकांनी सांगितलं तसंच लिवलेलं हाय."

ती ओळ त्यांना पडद्यापेक्षा जास्त लागली. कुणी काही बोललंही नव्हतं, आणि या माणसानं आधीच हात वर केले होते. त्यांना नायगावचं लग्न आठवलं. सहा वर्षं झाली असतील. निम्म्या खुर्च्या लातूरहून यायच्या होत्या, त्या आल्याच नाहीत. वऱ्हाड उभं, आणि नवरदेवाच्या मामादेखत त्यांनी श्रीमंतला नको नको ते ऐकवलं होतं. "मला सांगितलंच न्हाई, मालक," एवढंच तो म्हणत राहिला. तेव्हा वाजिदभाईंना वाटलं, हा थापा मारतोय. आता खाटेवर बसून, तोंडाला कुलूप घालून, त्यांनी तो दिवस पुन्हा आठवून बघितला. लातूरला फोन लावला होता का? लावला नव्हता. लावायचा ठरवला होता, तेवढ्यात कुणीतरी आलं होतं.

अर्धा तास ते एका बोटानं लिहीत होते. नाजियानं वाकून वाचलं आणि हळूच म्हणाली, "अब्बा, इथं लिहिलं तर सगळ्यांना दिसतं. हवं तर एकट्या श्रीमंतकाकांना पाठवता येईल."

त्यांनी मान हलवली. नको. आणि बटण दाबलं.

"रा. रा. श्रीमंत यांस सप्रेम नमस्कार. पडद्याची चूक माझी आहे. जानेवारीत धर्माबादला हो म्हटले, फेब्रुवारीत किल्लारीला हो म्हटले. नायगावच्या खुर्च्यांचेही मी तुम्हाला सांगितले नव्हते. तेव्हा चार लोकांत तुम्हाला बोललो, म्हणून हे चार लोकांत लिहीत आहे. आपला विनीत, वाजिद."

पुढच्या तासाभरात वाजिदभाईंनी तीनदा फोन उचलून खाली ठेवला. मग श्रीमंतची ओळ आली: "बरं मालक." थोड्या वेळानं दुसरी: "पडदा धर्माबादला जाऊ द्या. किल्लारी माझं गाव हाय. नवरीच्या बापाशी म्या बोलतो."

आणि पाठोपाठ पंचशीला: "किल्लारीला पडद्याच्या जागी फुलांची भिंत करू. झेंडू आणि निशिगंध. श्रीमंतभाऊ, मला फक्त पाइपांची चौकट आदल्या दिवशी दुपारपर्यंत उभी करून पायजे."

"हाव. करून ठेवतो," श्रीमंतनं लिहिलं.

अक्षय तृतीयेच्या दिवशी वाजिदभाई धर्माबादला होते. बोलायची परवानगी मिळाली होती, पण हळू. सकाळी दहालाच किल्लारीचं कार्ड शेवटच्या रकान्यात सरकलं, खाली फोटो होता. पिवळ्या-पांढऱ्या फुलांची अख्खी भिंत, आणि कडेला छाती काढून उभा श्रीमंत. नवरीच्या आत्यानं म्हणे विचारलं होतं, ही भिंत आमच्या पोरीच्या लग्नाला पण कराल का? वाजिदभाईंनी फोटो मोठा करून करून बघितला. मग धर्माबादच्या यजमानांनी हाताला धरून नेलं, तसे ते पंगतीला बसले आणि सावकाश, दोनदा वरण घेऊन जेवले. उभारणीच्या गावी असं बसून जेवल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

आवाज परत आला, पण पहिल्यासारखा नाही. खालच्या पट्टीतला, जरासा खरखरीत. "मालक, आधी तुमचा आवाज आला की लांब पळावं वाटायचं," श्रीमंत एकदा म्हणाला. "आता ऐकायला जवळ यावं लागतंय." वाजिदभाई खुशीत हसले.

पावसाळ्यात लग्नं थांबली, फळा रिकामा झाला. जुलैत एक दिवस त्यावर नवंच कार्ड दिसलं. श्रीमंतनं बनवलेलं. "सोयाबीन, दोन एकर, किल्लारी. पेरणी झाली. खुरपणी बाकी. काम कोणाकडे: वाजिदभाई."

नाजिया पोट धरून हसली. वाजिदभाईंनी मात्र खाली लिहिलं: "रविवारी सहकुटुंब येण्याचे करतो." आणि रविवारी खरोखरच वहिदाला घेऊन लातूरची बस पकडली, तिथून जीपनं किल्लारी. बावीस वर्षांत ते श्रीमंतच्या घरी पहिल्यांदाच जात होते.

वाजिदभाईंनी शेतात अर्धा तास खुरपं चालवल्यावर श्रीमंतची बायको सिंधू धावत आली. "भाई, थांबा! ते तण न्हाई, सोयाबीन हाय!"

मग त्यांना बांधावर बसवण्यात आलं. सिंधूनं धपाटे आणि घट्ट दही वाढलं. श्रीमंत शेजारी बसून पुढच्या हंगामातल्या दोन नव्या कनातींबद्दल बोलत होता आणि वाजिदभाई खात खात ऐकत होते. वहिदानं धपाट्यात काय काय घातलं ते विचारून घेतलं, आणि परतीची जीप भरून निघेपर्यंत त्या दोघींचं बोलणं काही संपलं नाही.