देवी घरात असताना रडायचं नाही

धाकटा भाऊ गेला तेव्हा मी त्याच्या शेजारीच निजलेली होते, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, आणि मला तीन दिवस ते कळलं नाही. देवींनी माझे दोन्ही डोळे मिटले होते. मी नऊ वर्षांची होते, तो पाच.

तुम्ही लिहिता की तिकडचे डॉक्टर माणसाला रडू द्या म्हणतात, रडल्यानं छाती हलकी होते, झोप लागते. आणि मग विचारता की आजी, तुला आम्ही कधीच रडताना कसं पाहिलं नाही. एका ओळीत उत्तर देता आलं असतं, पण ते खोटं ठरलं असतं. म्हणून घडलं त्या क्रमानं लिहिते.

आमचं गाव कमलनगरपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. अंमल निजामाचा. घरात मराठी, शेजारी कानडी, कचेरीचे कागद उर्दू. आईला आम्ही कानडी रीतीनं अव्वा म्हणत असू, वडिलांना अप्पा. अप्पांची थोरली बहीण, माझी आत्या, विधवा होऊन आमच्याकडेच राहिली होती आणि घरचे नियम तिच्या हाती होते. देवीची लस टोचणारा सरकारी माणूस गावात आला तेव्हा आम्हा दोघांना उंच तुरीत नेऊन बसवणारी तीच. त्यावरून तिला पुढे कुणी काही बोललं नाही, कारण गावातली निम्मी पोरं त्या दिवशी तुरीतच होती.

पुढच्याच चैत्रात देवी आल्या. आधी धाकट्याच्या अंगावर, चार दिवसांनी माझ्या. आम्ही त्याला रोग म्हणत नसू. पाहुणी आली म्हणत असू, आणि पाहुणीचा मान ठेवत असू. दाराला कडूलिंबाचा डहाळा बांधला, म्हणजे बाहेरच्यानं आत यायचं नाही. चुलीवर फोडणी नाही. पायात वहाण नाही. जातं बंद, पीठ शेजारीण दाराबाहेर ठेवून जाई. आणि सगळ्यांत कडक नियम हा, की घरात रडायचं नाही. पाहुणीसमोर रडणं म्हणजे तिला ऊठ म्हणणं, आणि रागावून उठलेली पाहुणी रिकाम्या हातानं जात नाही.

मला आत्यानं वेगळं बजावलं होतं. "डोळ्यांत पानी आणलंस तर देवीआई डोळं घिऊन जाईल. ऐकायलीस का? डोळं घिऊन जाईल."

मी ऐकत होते. त्या दिवसांत ऐकण्याशिवाय मला दुसरं काही नव्हतं. पापण्या फोडांनी जड होऊन चिकटल्या होत्या. लिंबाच्या पाल्यावर मी पडलेली असे. उजव्या बाजूला धाकटा, डाव्या बाजूला भिंत. आत्या डहाळीनं वारा घाले, एकदा माझ्यावर, एकदा त्याच्यावर. अव्वा वाटीतून ताक पाजे, एकदा मला, एकदा त्याला. त्याला ताक नको असे. तो शब्द ओढून "नगंऽ" म्हणे, आणि अव्वा म्हणे, "नगं काय राजा, एक घोट, फक्त एक घोट."

एका सकाळी त्याचं "नगं" आलं नाही. अव्वानं विचारलं, "राजा, ताक देऊ?" मग थोडा वेळ काहीच नाही. मग अव्वाच म्हणाली, "बरं बरं, नंतर पी."

मी विचारलं, "तो कामून बोलत न्हाई?"

"झोपलाय," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही झोपलाच होता. डहाळी मात्र ठरल्याप्रमाणे फिरत होती, एकदा माझ्यावर, एकदा त्याच्यावर. मी हात लांबवून पाहिलं. कापड लागलं, वर लिंबाचा पाला. आत काहीतरी होतं, माणसाएवढं लांब नव्हे, पण त्याच्याएवढं होतं. मी त्यावर हात ठेवून झोपले.

तिसऱ्या दिवशी मला कळलं, आणि कळलं ते असं. आजारात त्याचं अंग तव्यासारखं तापलेलं असे, पहाटेसुद्धा. आता माझ्या शेजारचं ते सकाळी गार असे, दुपारी खिडकीतून ऊन आलं की तापे, आणि ऊन सरकलं की पुन्हा गार होई. माणसाचा ताप उन्हाबरोबर येत-जात नाही. नऊ वर्षांच्या पोरीला एवढं कळतं.

मी ओरडले नाही. डोळ्यांच्या आत काहीतरी गरम गोळा होऊ लागलं आणि मला आत्याचं बोलणं आठवलं. मी दात दाबून धरले, एकावर एक पाढे म्हटले, आणि ते जिथून आलं तिथं परत गेलं. खरंच सांगते, मला ते परत जाताना कळलं, नाकाच्या मागून घशात, घशातून खाली.

बाकीचं मला पुढे समजलं. तो पहाटे गेला होता. आमच्यात पुरतात. अप्पांनी त्याला धोतरात गुंडाळून मागच्या दारानं नेलं, एकट्यानं, घंटा नाही, शंख नाही. पाहुणी अजून माझ्या अंगावर होती. तिला कळू द्यायचं नव्हतं आणि मलाही. म्हणून त्याच्या जागी वाकळ गुंडाळून ठेवली.

आता जी गोष्ट लिहिते ती मी तुमच्या आजोबांनाही सांगितली नव्हती.

अव्वा रोज त्या वाकळीला विचारी, "राजा, ताक देऊ?" विचारल्यावर ती थांबे. पहिल्या दिवशी थोडं थांबली होती. दुसऱ्या दिवशी जास्त. मला ते थांबणं मोजता येत होतं. पाचव्या दिवशी ती इतका वेळ थांबली की तिचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं, आणि त्या श्वासाच्या मागे काय येतंय तेही कळलं. ती रडणार होती. ती रडली की पाहुणीला कळणार होतं. आणि मला माझे डोळे हवे होते.

मी त्याच्या आवाजात म्हणाले, "नगंऽ."

आत्याची डहाळी थांबली. मग अव्वानं श्वास सोडला आणि अगदी रोजच्यासारखं म्हणाली, "नगं काय राजा, एक घोट."

"नगंऽ."

"बरं. थोड्या येळानं देते."

त्या दुपारी भिंतीपलीकडे आत्या अप्पांशी बोलत होती. "पोरगं बोलायलंय."

"कोन पोरगं?"

"आपलं पोरगं. मी कानानं ऐकलंय. वाकळंतून न्हाई, पोरीच्या तोंडातून."

"अक्का, तू उन्हात फिरू नको. डोक्यावर पदर घे."

"पदर तू घे! मी त्या खोलीत एकटी बसायची न्हाई, आधीच सांगून ठेवते."

आणि ती बसली नाही. अव्वा मात्र आता खोलीतून हलेना. पूर्वी ती फक्त ताकाचं विचारी. आता, लिंब टोचतोय का, घाम आलाय का, बैल हंबरला तो ऐकलास का, असं सगळं ती त्याला विचारी, आणि मी उत्तर देई. पहिल्या दिवशी मला त्याचा आवाज काढावा लागला होता. आठवडाभरानंतर तो काढावा लागत नसे. प्रश्न आला की उत्तर माझ्या तोंडातून गेलेलं असे, आणि ते काय होतं ते मलाही तिच्याबरोबरच कळे. एकदा तिनं विचारलं, "कुठं दुखायलंय राजा?" आणि मी म्हणाले, "आता न्हाई दुखत." ते मी ठरवलं नव्हतं.

एकविसाव्या दिवशी देवीची बोळवण झाली. दहीभात आणि लिंब शिवेबाहेर नेऊन ठेवला. आत्यानं दुधात बोळा भिजवून माझ्या पापण्या सोडवल्या. डावा डोळा उघडला, आधी उजेड, मग तुळया, मग आत्याचं नाक. उजव्या डोळ्यात फूल पडलं होतं. त्यातून दूध पसरल्यासारखं पांढरं दिसे, आणि अजूनही तेच दिसतं.

डाव्या डोळ्यानं मी शेजारी पाहिलं. वाकळ दोन ठिकाणी सुतळीनं बांधली होती, वरच्या टोकाला त्याची टोपी घातली होती. आत्यानं सुतळ्या सोडल्या, वाकळ झटकली आणि अव्वाला म्हणाली, "झालं बाई. गेली ती. आता रड. पोटभर रड."

गल्लीतल्या बायका आल्या. रीतीप्रमाणे एकेक जण अव्वाच्या गळ्यात पडून रडली. अव्वा बसून होती. तिच्या खांद्याचा पदर दुसऱ्यांच्या डोळ्यांनी ओला झाला, तिचे डोळे कोरडे. मग बायकांच्या गराड्यातून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "राजा, भूक लागली का?"

"नगंऽ," मी म्हणाले. सवयीनं.

बायकांचं रडणं थांबलं. एक उठली, मग दुसरी. रीतीची चूळही न भरता सगळ्या निघून गेल्या, आणि त्या उन्हाळ्यात आमच्याकडे कुणी आलं नाही.

आता अव्वाच्या तब्येतीचं लिहिते, कारण तुमचा प्रश्न तब्येतीचा होता. तिच्या गळ्यात गोळा अडकला. भाकरीचा घास खाली उतरेना, पाण्याबरोबर उतरला तर उलटून पडे. हातापायांना मुंग्या येत. सकाळी दातखीळ बसलेली असे, आत्या चमच्याच्या दांड्यानं तोंड उघडी. जातं सुरू झालं, पण एरवी जात्यावर बसून बायका जे गातात आणि गाता गाता रडून घेतात, त्यातलं काही तिच्या तोंडून निघेना. नुसती दगडाची घरघर. आत्यानं तिच्यासमोर कांदे ठेवले. मग चुलीत मिरच्या टाकून धुरी दिली. अव्वाच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आमच्याही. आत्या खोकत म्हणाली, "बघ, आलं का न्हाई?" पण ते पाणी होतं, रडणं नव्हतं. धूर गेल्यावर अव्वानं डोळे पुसले आणि विचारलं, "राजा, धूर लागला का रे?" श्रावणापर्यंत तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. वैद्यांनी अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं की दिवाळी काढली तर खूप.

आणि मी उत्तरं देत राहिले. देवी गेली होती तरी आत्याचं बोलणं माझ्या मनातून गेलं नव्हतं. एक डोळा गेला होता. दुसरा शिल्लक होता.

दसऱ्यानंतर अप्पांनी आम्हा दोघींना बैलगाडीत घालून बिदरला बायकांच्या दवाखान्यात नेलं. डोळा माझा दाखवायचा, तब्येत तिची. डॉक्टरीणबाई दखनीत बोलत. त्यांनी माझी पापणी उलटवून पाहिलं आणि उजवा आता येणार नाही असं अप्पांना सरळ सांगितलं. डावा साफ आहे म्हणाल्या. मी घाबरत विचारलं, "रडले तर डावाबी जाईल?"

त्या हसल्या नाहीत. माझी हनुवटी धरून म्हणाल्या, "रोने से आँख नै जाती, बेटी. आँसू तो आँख का पानी है, उसीच से आँख धुलती."

हे त्या किती सहज बोलल्या! मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. सहा महिने मी जे धरून ठेवलं होतं ते धरायची गरजच नव्हती.

मग त्या अव्वाकडे वळल्या. नाडी पाहिली, गळा चाचपला, लेकरं किती म्हणून विचारलं.

"दोन," अव्वा म्हणाली. आणि माझ्याकडे वळून, "राजा, बाईंना सांग तू काय खाल्लास सकाळी."

मी गप्प बसले.

अप्पा खाली पाहत होते. ओसरीत इतर बायका रांगेत बसल्या होत्या. अव्वा पुन्हा म्हणाली, "बोल की राजा." माझ्या घशात ते आलं होतं. मी ओठ दाबून धरले. तिसऱ्यांदा तिनं नुसतं "राजा?" म्हटलं, आणि ते माझ्याकडे बघून नव्हतं, माझ्या मागे, दाराकडे बघून होतं. मी वळून पाहिलं नाही. आजही कधी वाटतं, पाहायला हवं होतं.

मग तो आवाज आला. माणसाचा असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. गाय विताना जी हाक मारते त्याच्या जवळपासचा. अव्वा जमिनीवर बसली आणि रडू लागली. नर्स धावत आली, "चुप, चुप, अम्मा," म्हणून. डॉक्टरीणबाईंनी तिला हातानं अडवलं. "रोने दो," त्या म्हणाल्या, आणि रांगेतल्या पुढच्या बाईला बोलावलं.

ती दुपारभर रडली, परतीच्या वाटेवर गाडीत रडली, घरी येऊन तापानं निजली. चौथ्या दिवशी उठून तिनं भाकरी मागितली, आणि ती खाली उतरली. पुढे ती चाळीस वर्षं जगली.

मला त्या दवाखान्यामुळे शिक्षण मिळालं. फूल पडलेल्या पोरीचं लग्न लवकर जुळणार नाही हे अप्पांना दिसत होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी शाळा सुचवली. पुढे शिकायला हैदराबादला गेले, तिथं इंग्रजी वाचता येऊ लागल्यावर मी हा विषय पुस्तकांत शोधला. डोळा धुण्याचं सापडलं. मी रडले असते तर माझा उजवा डोळा वाचला असता का, हे कुठे सापडलं नाही, आणि वाचला असता असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे. मला रडू येतं तेव्हा आधी घशात धाकट्याचा तो आवाज येतो. म्हणून मी तिथंच थांबते. तुम्ही मात्र थांबू नका.

अव्वा धाकट्याच्या नावानं वर्षातून एकदा पान वाढी. ते चैत्रात नव्हे, आम्ही बिदरच्या दवाखान्यात गेलो त्या तिथीला. पहिल्याच वर्षी आत्यानं तिला टोकलं, "लेकरू चैत्रात गेलं, तू दसऱ्यानंतर कामून करायलीस?"

"तुमच्यासाठी चैत्रात गेलं असंल, अक्का," अव्वा म्हणाली.

ती माझ्यावर कधी रागावली नाही. माझी वेणी तिनंच घातली, मला शाळेला तिनंच पाठवलं. फक्त त्या एका दिवशी, दरवर्षी, सकाळपासून दिवे लागेपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलत नसे, आणि मीही तिला काही विचारत नसे.